सात सशांनी सोलल्या शेंगा

फाटलेल्या स्पीकरला नवा पडदा बसवायचा तर घाई करून चालत नाही. जुना कागद ओला करून हलक्या हाताने सोलायचा, कडेचा वाळका गोंद नखाने खरवडायचा, नवा पडदा मधोमध टेकवायचा आणि तो वाळेपर्यंत हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. हे गप्प बसणं ज्याला साधलं होतं त्याला सगळे कानसेन म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव त्याच्या बायकोलाही जरा आठवूनच सांगावं लागलं असतं.

पडदा वाळला की परीक्षा व्हायची. लेकीने आतल्या खोलीतून माइकमध्ये एकच वाक्य म्हणायचं आणि याने बाहेर स्टुलावर डोळे मिटून ऐकायचं: "सात सशांनी सोलल्या शेंगा." लेक बोलायला लागली तेव्हापासून हे वाक्य म्हणत आली होती. लग्न होऊन ती दोन गल्ल्या पलीकडे गेली, तरी सकाळी दुकानात येऊन आधी ससे सोडायची आणि मगच झाडू हातात घ्यायची. कानसेनचं म्हणणं असं, की धडधड काढणं सोपं. आवाजाला छाती असावीच, पण खरी पारख दातांवर होते. दातांतून निघणारा स आणि श स्वच्छ आला की तो स्पीकरच्या पेटीच्या पाठीवर थाप मारून म्हणे, "पास." नाही आला, तर पडदा पुन्हा पाण्यात.

अलीकडे गिऱ्हाइकं कुरकुरत होती. पेटी टोचते म्हणत, कानात सुई गेल्यासारखं होतं म्हणत. कानसेन हसून सोडून देई. "खिशातल्या फोनच्या डब्या ऐकून कान बिघडलेत तुमचे," तो म्हणे, आणि आवाज आणखी थोडा धारदार करून ठेवी.

घरीही काही ना काही घडत होतं. एकदा थंडी वाजली म्हणून बायको म्हणाली, "अहो, शाल द्या." हा उठला, चपला घातल्या आणि दारात जाऊन उभा राहिला.

"कुठे निघालात?"

"तूच म्हणालीस ना, फिरायला चाल म्हणून?"

"देवा! म्हातारा प्रेमात पडला माझ्या," असं म्हणून ती इतकी हसली, की शाल राहूनच गेली. त्या हसण्याखाली काय दडलंय ते तेव्हा दोघांनाही दिसलं नाही.

मग जावयाने तो चेंडू आणला.

जावई मनाचा मोकळा, पण नव्या वस्तूचा भलता भुकेला. कुठल्यातरी लोकांनी इंटरनेटवर चित्र दाखवलं होतं, की असा स्पीकर बनवणार आहोत, तुम्ही आधी पैसे भरा, पुरेसे जमले की माल बनेल. जगभरच्या लोकांनी भरले, याने भरले, आणि मग वाट बघता बघता हा विसरूनही गेला होता. आता खोका आला. खोक्यात एक काळी तबकडी आणि मोसंब्याएवढा पांढरा चेंडू. तबकडीवर सोडला की चेंडू चक्क हवेत तरंगायचा, स्वतःभोवती फिरायचा, पोटातून निळा उजेड टाकायचा आणि गायचा. वायर नाही, काही नाही.

"मामा, बघा तरी!" जावई म्हणाला.

"बघतोय. बघायचीच वस्तू आहे ही."

त्याच्याबरोबर नाट्यगृहाचे व्यवस्थापक आले होते. नाट्यगृहातल्या दोन मोठ्या पेट्या कानसेनने तरुणपणी स्वतःच्या हातांनी बनवल्या होत्या. त्याच्या आयुष्यातलं तेवढंच काम गावाला दिसत होतं. चेंडूवाल्यांनी आता मोठे चेंडू काढायचे ठरवले होते आणि त्यांच्यासाठी पुन्हा पैसे गोळा करत होते. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना असे चेंडू तरंगताना व्यवस्थापकांच्या डोळ्यांपुढे दिसू लागले होते. पण माणूस जुना, विश्वासाचा. ते म्हणाले, "कानसेन, तुम्ही ऐका. तुम्ही नाही म्हणालात तर नाही."

लेकीने फोन तोंडापाशी धरला. कानसेन स्टुलावर बसला, डोळे मिटले. चेंडू बोलला.

त्याने डोळे उघडले तेव्हा चेहऱ्यावर विजय होता. "याला छाती नाही," तो म्हणाला. "मोसंब्यातून ढोल निघतो का कधी? हवा ढकलायला अंगात जागा लागते. मनगटातून गायल्यासारखा गातोय हा. आणि दुसरं, याला दात नाहीत. बोळका आहे. स कुठे गेला? श कुठे गेला? सगळ्या सशांच्या शेपट्या कापल्यात याने!"

कुणी हसलं नाही. जावयाने व्यवस्थापकांकडे पाहिलं, व्यवस्थापकांनी चेंडूकडे. चेंडू निळा होऊन फिरत राहिला.

"मामा, स तर... उलट जरा जास्तच," जावई चाचरत म्हणाला.

"हो बाबा," लेक मध्येच घाईने म्हणाली. "नाहीच येत स. मलाही नाही आला."

व्यवस्थापक मान डोलवून गेले. जावई चेंडू खोक्यात घालून गेला, जाताना आपल्या बायकोकडे असं बघून, की घरी गेल्यावर बोलू.

जिंकल्यावर माणसाला भूक लागावी. कानसेनला लागली नाही. लेकीची ती घाई त्याच्या मनात कुसळासारखी रुतली होती. ही पोर खोटं बोलताना लहानपणापासून अशीच मध्ये तोंड घालते.

दुसऱ्या दिवशी त्याने नाट्यगृहातली एक पेटी देखभालीचं निमित्त करून दुकानात आणवली. ही पेटी कधी नापास झाली नव्हती. लेकीला म्हणाला, "सोड ससे."

ससे आले, पण शेपट्यांशिवाय.

त्याने पडदा सोलला. चांगला, धडधाकट पडदा होता तो. सोलताना कागदाने जीव धरून ठेवल्यासारखं वाटलं. नवा बसवला. वाळेपर्यंत बसायचं ते बसवेना; फुंकर घालू लागला. पुन्हा ससे. पुन्हा तेच. त्याने कॉइल बदलली, वायर बदलली, माइक बदलला. बाकावर सोललेल्या पडद्यांचा ढीग पडला आणि त्याच्या बोटांना गोंद चिकटून बोटं एकमेकांना सोडेनात. बायको जेवायला बोलवायला आली ती दारातूनच मागे फिरली.

शेवटी तो लेकीला म्हणाला, "माइक राहू दे. माझ्या मागे उभी राहा आणि तोंडाने म्हण."

"बाबा, जाऊ द्या ना."

"म्हण!"

ती मागे गेली. तिने म्हटलं असावं, कारण त्याच्या कानात काहीतरी आलं: "आत... अ... आंनी... ओलल्या... एंगा." पाण्याखालून कुणी हाक मारावी तसं. आजवर पुढ्यात बोलणाऱ्याचे ओठ, ओळखीची वाक्यं, सवय यांनी मधली भोकं बुजवून दिली होती. आता पाठीमागून आलेल्या वाक्याला भोकंच भोकं दिसली.

मान न वळवताच तो म्हणाला, "किती दिवसांपासून माहीत आहे तुला?"

"नक्की माहीत नव्हतं." ती रडत समोर आली. "गिऱ्हाइकं म्हणायची टोचतं, तेव्हा शंका आली होती. काल कळलं."

"मग काल खोटं का बोललीस?"

"त्यांच्यासमोर? तुमच्या तोंडावर सांगू, की बाबा, तुम्हाला येत नाही ऐकू? तुमच्याकडे दुसरं आहे तरी काय!"

हे बोलून गेल्यावर तिने तोंडावर हात घेतला. पण शब्दांत स थोडे होते आणि ओठ समोर होते. त्याला सगळं ऐकू आलं होतं.

तो त्याच पावली नाट्यगृहात गेला. चूक आपली आहे, चेंडूला दात आहेत, हे त्याने उभ्या उभ्या सांगून टाकलं. व्यवस्थापकांनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, वय झालं की व्हायचंच म्हणाले. त्यांची ती माया त्याच्याने बघवेना.

"पण छातीचं मी सांगितलं ते खरं आहे," तो म्हणाला. "खालचा आवाज मला अजून धड येतो. त्या चेंडूने शेवटच्या रांगेपर्यंत माणसाचं बोलणं पोचणार नाही. मोठा केला तरी नाही. लोक चित्रावर भुललेत हो!"

व्यवस्थापकांनी पाण्याचा पेला त्याच्याकडे आणखी सरकवला.

"कानावर विश्वास नसेल तर हातावर ठेवा. जावयाकडून चेंडू मागवा. आधी त्यावर तळवा ठेवा, मग पेटीवर ठेवा. पेटी हाताला धक्के देते. चेंडू नुसता गुदगुल्या करतो."

"कानसेन," ते अगदी हळू, त्याला ऐकू जावं म्हणून तोंड पुढे आणून म्हणाले, "लोक नाटकाला येतात. पेटीवर हात ठेवायला येत नाहीत."

तो उठला. जे चुकलं होतं ते त्याने कबूल केलं होतं, आणि त्या कबुलीनेच जे बरोबर होतं तेही वाहून नेलं होतं. ज्या तोंडाने एक खोटं सांगितलं त्या तोंडाच्या खऱ्याला आता कोण विचारतो? बाहेर रस्त्यावर गाड्या जात होत्या. त्यांचा घरघराट त्याला नीट ऐकू येत होता. तेवढ्यावर कुणी कानसेन होत नाही.

मोठे चेंडू मागवले गेले. दुसरी पेटीही हातगाडीवरून दुकानात परत आली. जावई स्वतः गाडीला हात लावून आला होता. "मामा, माझ्या मनात असं नव्हतं," तो म्हणाला. कानसेनने त्याचे ओठ वाचले आणि नुसती मान हलवली.

दोन्ही पेट्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, पाहुण्यांसारख्या. बायको दुपारी आली. आता ती समोर येऊन, तोंड मोठं करून बोलायला शिकली होती. "जेवायला या," ती म्हणाली. चाल, शाल, कशाचीच चेष्टा तिने त्या दिवसानंतर केली नव्हती. ती करत नाही याचंच त्याला जास्त लागत होतं.

"येतो. पोरीला आत पाठव."

लेक आत गेली. त्याने पेटी चालू केली आणि पडद्यासमोरच्या जाळीवर तळवा टेकवला. व्यवस्थापकांना जे दाखवायचं राहिलं होतं ते तो आता स्वतःला दाखवणार होता. कान गेले तर जाऊ देत. हात आहेत. हातांनीच बनवली होती ना?

"सोड."

तळव्याखाली पेटी जागी झाली. लेकीचा आवाज जाळीतून त्याच्या हाडात शिरला. "आत"चा धक्का आला. "ल्या" आला, लाट ओसरावी तसा. "गा" तर अख्ख्या मनगटात घुमला. त्याचे डोळे भरून आले. मग तो त्या मधल्या जागांची वाट बघू लागला, जिथे ससे उड्या मारतात, जिथे शेंग फुटते. तिथे जाळी गार होती. स ला वजनच नव्हतं. तो हाताला कळणारा आवाजच नव्हता.

त्याने दुसराही तळवा टेकवला. मग कपाळ टेकवलं.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

तिने पुन्हा म्हटलं.

"पुन्हा."