मोलगीच्या बाजारात ऐकलेलं पद

तालीम सुरू झाली, की सर रंगमंचाकडे पाठ करून बसायचे. "चेहरे नकोत मला. शब्द ऐकू द्या," म्हणायचे. कुणी 'आणि'चं 'आनि' केलं, की पाठमोरेच हात वर करायचे आणि पेटीवरची माझी बोटं थांबायची.

शहाद्याच्या बाजूच्या आमच्या कॉलेजात ते मराठी शिकवत. मी ग्रंथालयात कारकून, संध्याकाळी त्यांचा पेटीवाला. जवळजवळ तीस वर्षं त्यांनी युवक महोत्सवासाठी दरसाल एक संगीत नाटक बसवलं. पदं तेच लिहायचे, चाली आम्ही दोघं बांधायचो. माणूस सारंगखेड्याच्या शेतकरी घरातला. फोनवर "माय, जेवनी का?" असं अहिराणीत विचारायचा आणि फोन ठेवला, की पुन्हा छापील मराठीत बोलायला लागायचा. आम्हाला त्याचं हसू यायचं. त्यांना कधी आलं नाही.

एका वर्षी मोलगीकडची मुलगी आली, घरी भिली बोलणारी. ती गायला लागली आणि सर चक्क वळून बघायला लागले. मुख्य भूमिका तिलाच दिली, त्यातलं नदीचं पदही. पण काही अक्षरं तिच्या जिभेवर बसेनात. स्पर्धेला आठ दिवस उरले असताना सरांनी तिला काढून कोरसमध्ये उभं केलं.

"परीक्षक उच्चाराचे गुण कापतात," एवढंच म्हणाले.

"बरं, सर," ती म्हणाली.

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्या वर्षी ती तालमीला आली नाही. दोनदा निरोप पाठवला, तरी नाही.

बारा-तेरा वर्षांनी शिबिराच्या निमित्ताने आम्ही मोलगीला गेलो. आठवडे बाजाराचा दिवस होता. जीपमधून उतरतो न उतरतो तोच एका बाईने हाक मारली. तीच होती. आश्रमशाळेत शिक्षिका झाली होती.

"तुमचं नदीचं पद मुलांना शिकवते, सर. पण आमच्या बोलीत करून."

सर म्हणाले, "म्हणून दाखवशील?"

"इथं? बाजारात?"

"इथंच."

एका दुकानाच्या ओट्यावर ते तिच्या समोर बसले. मिरच्यांचे ढीग, जीपवाल्यांची ओरड, आणि त्यात ती गायली. शब्द आम्हाला अर्धेच कळत होते. पण आमच्या नाटकात ते पद असं कधीच लागलं नव्हतं. गाणं संपल्यावर सरांनी हात जोडले.

"पोरी, त्या वर्षी मी तुला उतरवलं. चुकलं माझं."

"घरचे सगळे बघायला येणार होते, सर," ती म्हणाली. "येऊ नका म्हणून मीच सांगितलं."

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. सरांनीही ते मागितलं नाही.

त्यानंतरच्या त्यांच्या नाटकांतली आई अहिराणी बोलू लागली, डोंगरातली माणसं भिली. ते संवाद मुलंच लिहायची, सर वहीत उतरवून घ्यायचे. परीक्षक गुण कापत राहिले. पुन्हा पहिलं बक्षीस कधी आलं नाही. प्राचार्यांनी कारण विचारलं, तर सर त्यांच्या केबिनमध्येच म्हणाले, "नही भेटनं तरी चाली."

निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, परत आली ती फक्त अहिराणीत. आयुष्यभर घासूनपुसून शिकवलेल्या मराठीचं एक अक्षरही उरलं नाही. नाटक आता मी बसवायचो. भेटायला गेलो तेव्हा सांगितलं, यंदा मुख्य भूमिकेला पावरी बोलणारी मुलगी आहे, अजून बुजते. त्यांनी बराच वेळ शब्द शोधले.

"तिले तिन्हा शब्द म्हनू दे."

महोत्सवाच्या आदल्या आठवड्यात ते गेले. नाटक आम्ही केलं. मुलींनी रंगवलेले चेहरे रडून दोनदा खराब केले आणि दोनदा पुन्हा रंगवले.

परतताना बस सरांच्या गावच्या, सारंगखेड्याच्या पुलावर आली, तेव्हा मुलांनी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. सगळे खाली उतरले, कठड्याला टेकून उभे राहिले. खाली तापी संथ होती. दिवसभर गात आलेली ती पोरं, पण कुणाच्याच तोंडून सूर निघेना. शेवटी ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं, तसे एकेक जण आत चढले.