एकटीला जमणारं कॉम्प्रेशन गेज

मंडळी, आज सकाळी सर्जापूर रोडवरच्या आमच्या बेसमेंट पार्किंगमध्ये मी रिकाम्या जागेशी बोलले.

माझी जुनी गाडी आठवडाभर मिसिंग करतेय. प्लग बदलले, कॉइल बदलून पाहिली, तरी इंजिनची थरथर जाईना. म्हणजे आता कॉम्प्रेशनच, सिलिंडरमधला दाब, तपासायला हवं.

पुण्यात हे काम मी आणि दादा मिळून करायचो. त्याचं गेज रबरी टोकाचं, प्लगच्या भोकावर हातानं दाबून धरावं लागायचं. तो बॉनेटपाशी उभा, मी आत बसून स्टार्टर मारायचे आणि ओरडायचे, "किती आलं?"

इथे नव्या शहरात कुणाला बोलावणार? शेजाऱ्यांची नावंसुद्धा मला कुरिअरच्या खोक्यांवरून कळलीत. म्हणून मुद्दाम आट्यांचं गेज मागवलं. फिरवून बसवायचं, काटा पोचेल तिथेच थांबतो. एकटीला जमतं.

जमलंही. बाकी सिलिंडर ठणठणीत, दुसऱ्याचा काटा मात्र निम्म्यावरच. त्यात चमचाभर ऑइल ओतलं, पुन्हा स्टार्टर मारला, आणि सवयीनं खिडकीतून ओरडले, "किती आलं?"

आवाज पार्किंगभर घुमला. लांबून वॉचमन अण्णांनी कन्नडमध्ये विचारलं, "एनु मॅडम?" काय झालं?

"एनिल्ला अण्णा," मी म्हटलं. काही नाही.

मग उतरून काटा स्वतःच पाहिला. ऑइलनं फट बुजून वर गेला होता, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. निदान अगदी बरोबर निघालं. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतेय.

तुमचं आहे का असं एखादं काम, जे आता एकट्यानं जमतं, आणि जमलं नसतं तर बरं झालं असतं?