साडूभाऊंची निवड

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे गावोगाव पालथे घातले तरी माझ्या थोरल्या साडूंइतका सासुरवाडीला निरुपयोगी आणि तरीही हवाहवासा जावई दुसरा सापडला नसता. जावयाकडून लोकांच्या अपेक्षा तशा माफक असतात. त्यानं दिवाळीला यावं, पाटावर बसावं, वाढलेलं खावं, सासऱ्यांच्या गोष्टींना मान डोलवावी आणि धोतरजोडी घेऊन परत जावं. मी ह्या कामात तरबेज होतो. सांगलीला पाटबंधारे खात्यात कारकून असल्यामुळे मान डोलावण्याचा मला रोजचा सराव होता. साडूभाऊ मात्र रहिमतपूरच्या वेशीत शिरायचे तेच मुळी उलटी छत्री घेऊन. म्हणजे आभाळ निरभ्र असताना ते छत्री उघडत, दांडा वर करून एखाद्या झुडपाखाली धरत, झुडूप गदागदा हलवत आणि छत्रीत पडलेल्या किड्यामुंग्यांकडे, सोनारानं कानातलं निरखावं तसे बघत राहत. त्यांना न्यायला गेलेली बैलगाडी तोवर घरी परत आलेली असे. "पावणं कुठायत?" असं सासूबाईंनी विचारलं की गडी सांगे, "बाभळीखाली छत्री उलटी धरून बसल्यात."

ते साताऱ्याला कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. पण 'जीवशास्त्र' हा शब्द त्यांना पसंत नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, "जावईबापू, कालिजात काय शिकवता?" असं कौतुकानं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "निवड." मामी खूश झाल्या. जावई घरकामातला निघाला, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी मेथीच्या जुड्या आणि मसुरीनं भरलेलं सूप त्यांच्यापुढे आणून ठेवलं. साडूभाऊंनीही मागचापुढचा विचार न करता मांडी घातली. दोन तासांनी बघितलं तर चांगली पानं एका बाजूला टाकलेली आणि अळीनं खाल्लेली भोकाभोकांची पानं भांड्यात. "ही पानं बघा मामी. अळीनं शेजारचा कोथिंबिरीचा वाफा सोडून ही निवडली. उद्या मेथी आणखी कडू होईल, परवा अळी आणखी निबर होईल. जगात जेवढी म्हणून चव आहे, ती कुणीतरी कुणालातरी खाऊ नये म्हणून आलेली आहे." मामींनी ती मेथी शेरडापुढे टाकली आणि त्या दिवशी पिठलं केलं.

त्यांच्याबरोबर प्रवास करणं म्हणजे एस.टी. चुकवणं. एकदा कोरेगावच्या स्टँडवर आम्ही दोघं उभे होतो. कडेला रुईचं झुडूप होतं. साडूभाऊंना त्याच्यावर पट्ट्यापट्ट्यांची एक अळी दिसली आणि गाडी आली तरी ते हलेनात. शेजारच्या बाकावर कुंडलच्या कुस्त्यांच्या मैदानाला निघालेला एक धिप्पाड पैलवान बसला होता. त्याला त्यांनी सांगायला सुरुवात केली. रुईनं पानं कुणी खाऊ नयेत म्हणून चिकात विष भरलं. ह्या अळीनं ते विष पचवलं, वर अंगात साठवलं. आता तिचं फुलपाखरू होईल ते जहरी. एखादा पक्षी एकदा ते खाईल, ओकेल आणि पुन्हा तसल्या रंगाच्या वाटेला जाणार नाही. मग दुसरं एक गरीब, बिनविषारी फुलपाखरू होतं, त्यात पिढ्यान् पिढ्या ज्या माद्या ह्या जहरी रंगाला जवळच्या, त्याच तेवढ्या वाचत गेल्या. आज दोघी शेजारी ठेवल्या तर भलेभले फसतात. पैलवान तोंड उघडं टाकून ऐकत होता. शेवटी मांडीवर थाप मारून म्हणाला, "म्हंजी डावाला तोड, आन् तोडीला पुन्यांदा डाव! आवं सर, ह्ये तर आमच्या तालमीतलंच हाय की!" साडूभाऊंनी त्याला मिठी मारली. निदान मारायचा प्रयत्न केला, कारण त्यांचे हात त्याच्या पाठीमागे पोचत नव्हते. आमच्या दोन गाड्या गेल्या आणि त्या पैलवानाचीही एक गेली.

त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आक्का, ह्या सगळ्याकडे फार शांतपणे बघे. उंबराला फूल नसतं असं कुणी म्हटलं की साडूभाऊ लगेच खिशातून उंबर काढून फोडत आणि "फुलं आत आहेत!" म्हणत समोरच्याच्या नाकाखाली धरत. त्यातली केंबरं भुर्रकन ताटावर उडत. हे एवढंसं चिलट त्या इवल्या भोकातून आत शिरतं, शिरताना पंख गमावतं, उंबराची बी धरवतं आणि तिथंच मरतं; बाहेर उडतात ती त्याची पोरं. उंबरावाचून त्याला घर नाही आणि त्याच्यावाचून उंबराला वंश नाही. एवढं सांगून ते आक्कांकडे बघत म्हणायचे, "मी तुझं चिलट." आक्का नुसत्या म्हणायच्या, "ताटातलं उडवा आधी."

सासरे, म्हणजे मामा, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. त्यांचं घर, ऊस, जोंधळा, मिशा सगळं रांगेत असे. त्यांना हा जावई कोणत्या रांगेत उभा करावा ते कधी कळलं नाही. ज्या दिवाळीची गोष्ट मी सांगतो आहे, ती सत्तरीच्या दशकातली, टेरीकॉट नवं होतं त्या काळातली. धाकटी मेहुणी शालन लग्नाची होती. विट्याकडचं स्थळ आलं होतं. मुलाचं दूर परमुलखात सोनं गाळायचं दुकान. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे बघायला येणार होते. घरात सारवण, रंगोटी, करंज्या आणि रानात जोंधळ्याची भांगलण, म्हणजे खुरपणी, असा सगळा एकच गदारोळ होता.

साडूभाऊंनी भांगलायला जायचा हट्ट धरला. बायका ओळीनं बसल्या होत्या, प्रत्येकीसमोर आपापली पात, हातात खुरपं. साडूभाऊंनीही धोतर खोचून एक पात धरली. मी बांधावर शेंगा खात बसलो. ऊन चढेपर्यंत ते मान वर न करता खुरपत होते. पात संपवून विजयी मुद्रेनं ते उभे राहिले, तेव्हा बायकांमध्ये आधी कुजबुज आणि मग असं हसू फुटलं की एकीच्या खुरप्यानं बोट कापायचं राहिलं. साडूभाऊंनी जोंधळा मुळापासून उपटून बांधावर रचला होता आणि पातभर रानजोंधळा, म्हणजे जोंधळ्यासारखं दिसणारं तण, डौलात उभा ठेवला होता.

तेवढ्यात काठी टेकत मामा आले. "ह्यो जोंधळा कुणी उपटला?"

"मी," साडूभाऊ म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर शरमेचा लवलेश नव्हता, उलट आनंद मावत नव्हता. "मामा, तुमचं अभिनंदन केलं पाहिजे!"

मामांच्या मिशीचं एक टोक हललं.

"तुमच्या घराण्यातल्या बायका पिढ्यान् पिढ्या हे रान भांगलत आल्या. जे गवत वेगळं दिसलं, ते उपटलं गेलं. जे जोंधळ्यागत दिसलं, ते चुकून राहिलं. त्याचंच बी पडलं. त्यातलं अजून सारखं दिसणारं पुन्हा राहिलं. हे सोंग त्याला कुणी शिकवलं? तुमच्या आज्जीच्या खुरप्यानं!"

"म्हंजी तण आमीच पिकवलं म्हना की!"

"अगदी तंतोतंत!" साडूभाऊ म्हणाले. आपला विद्यार्थी पहिला आल्यासारखा त्यांना आनंद झाला होता.

मामी मागून म्हणाल्या, "आवं, आमी बी फसतो कवाकवा." पण मामांना आता काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी काठी जमिनीत रोवली. "उद्या पावणं येनार हायत. बैठकीत तुमी आपनहून एक शबुद बोलायचा न्हाई. ऑर्डर हाय." साडूभाऊंनी मान डोलावली. मग खुरप्यानं रानजोंधळ्याचा एक ठोंब मातीसकट काढला आणि घरी येऊन डालड्याच्या डब्यात लावला.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे जावई मागच्या दारी बसलो होतो. शालन कडबा टाकायचं निमित्त करून आली. एरवी ती आमची यथेच्छ टिंगल करायची, पण आज तिचा चेहरा उतरला होता. म्हणाली, "दाजी, परमुलखात जायचं मला भ्या वाटत न्हाई. पन ज्याच्यासंगं जायाचं, त्याचा आवाज तरी मला ऐकाय मिळंल का? माझ्या दोन मैत्रिणी गेल्या, त्यास्नी नवऱ्याचा आवाज लगीन झाल्यावर कळला." मी म्हटलं, "बघू, मामांचा रागरंग बघून," आणि अनारसा तोंडात टाकला. साडूभाऊ छत्रीच्या काड्या मोजत राहिले. ऑर्डर उद्याच्या बैठकीपुरती होती, पण त्यांनी ती आजपासूनच पाळायला घेतली होती.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलगा नव्या टेरीकॉटमध्ये, बोटात अंगठ्या, मनगटावर घड्याळ आणि अंगाला अत्तर इतकं, की गोठ्यातली म्हैस शिंकली. मान खाली घालून बसला होता. बोलत होते ते त्याचे मामा. मुलाचं शिक्षण ते सांगत, मुलाची आवड ते सांगत, चहात साखर किती हेही तेच सांगत. शालन पोहे घेऊन आली. नाव सांग, चालून दाखव, सुई ओवून दाखव, सगळं झालं. तिनं एकदा, फक्त एकदा, आमच्या बाजूला बघितलं. मला पोह्यातले शेंगदाणे एकदम महत्त्वाचे वाटायला लागले.

तेवढ्यात पाहुण्यांच्या मामांची नजर साडूभाऊंच्या छत्रीवर गेली. "पावणं, तुमी काय शिकवता म्हनं?"

साडूभाऊंनी आमच्या मामांकडे बघितलं. हुकूम आपणहून न बोलण्याचा होता आणि पाहुण्यानं विचारलेलं टाळणं सुभेदाराच्या घरात बसत नव्हतं. मामा छताकडे बघू लागले.

"निवड," साडूभाऊ म्हणाले. "आता मोराचंच घ्या. एवढा पिसारा. पळायला अडचण, वाघाला आयती शेपूट. तरी तो टिकला कसा? लांडोरीमुळं. पिढ्यान् पिढ्या लांडोरी बघत आल्या आणि ज्याचा पिसारा मनाला आला, त्याला निवडत आल्या. म्हणून मोर आज असा आहे."

"आस्सं! म्हंजी पारख लांडोर करती?"

"तीच करते. पण त्यासाठी नाचावं मोरानं. मोर मुकाट बसून राहिला असता आणि त्याचा मामाच नाचला असता, तर मोराच्या जातीला पिसारा आलाच नसता."

मला वाटलं, आता जोडे शोधावेत. आमच्या मामांचा चेहरा विटेसारखा लाल झाला होता. आणि मग बारीक आवाजात, मान वर न करता, तो मुलगा म्हणाला, "मामा, मी बोलतो की."

दाराशी उभ्या शालननं ही संधी सोडली नाही. "तिकडं करमतं का तुमास्नी?"

त्याचे मामा सांगायला पुढे सरसावले, "लय झ्याक करम..." पण मुलगा म्हणाला, "न्हाई. पयलं वरीस तर रडायचो. अजून बी दिवाळी आली की करमत न्हाई. आजवर कुणी इचारलं न्हाई मला."

मग हसले ते त्याचे मामाच, आणि असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "नाचला रं माझा मोर!" म्हणाले. आत मामींच्या कानात शालन म्हणाली, "व्हय म्हना." ठरलं तेच, जे आमच्या मामांनी आधीच मनात ठरवलं होतं. पण ते शालननं ठरवलं होतं, आणि पुढे त्या परमुलखात तिचा संसार सुखाचा झाला, त्याचं श्रेय ती आजही दाजींच्या मोराला देते. पाहुणे गेल्यावर मामा साडूभाऊंना म्हणाले, "ऑर्डर मोडलीत." मग मिशीचं टोक पिळत म्हणाले, "पन बार नेमका हानलात." आणि आपल्या ताटातली करंजी त्यांच्या ताटात टाकली.

आता मामा नाहीत, मामी नाहीत. त्या रानात बांधापासून बांधापर्यंत एकाच जातीचा ऊस आहे. बांधच राहिले नाहीत, तर रुई कुठून राहणार? साडूभाऊंना जाऊनही काही वर्षं झाली. मला त्यांची फार आठवण येते, आणि येते तेव्हा ते रान आठवतं. मी जन्मभर ओळीत उभा राहिलो, शेजारच्यासारखा दिसत राहिलो, म्हणून कुणाच्या खुरप्याला लागलो नाही. त्या माणसानं मात्र कुणासारखं दिसायचं मनावरच घेतलं नाही.

मध्यंतरी साताऱ्याला आक्कांकडे गेलो होतो. गॅलरीत डालड्याच्या डब्याच्या जागी सिमेंटची कुंडी आली होती, पण तिच्यात तोच रानजोंधळा, बी पडून पडून उगवत आलेला, उभा होता.

"आक्का, हे तण तुम्ही अजून ठेवलंय? आणि तुम्ही तर शेतकऱ्याची लेक."

"म्हनून तर," तांब्यानं पाणी घालत आक्का म्हणाल्या. "आवं पावणं, मला तण लांबनं वळखू येतं. बघितलं तवाच कळलं हुतं, ह्ये उपटायचं असतं म्हनून. न्हाई उपटलं."

"कुठलं? हे, की..."

आक्कांनी खुंटीवरच्या छत्रीकडे बघितलं आणि हसल्या.

"दोन्ही," त्या म्हणाल्या, आणि तांब्यातलं उरलेलं पाणीही कुंडीत ओतलं.