तारेवरची गोधडी

हे गेले तेव्हा मी नारायण पेठेत चष्म्याची काडी बसवून घेत होते. खालच्या मजल्यावरच्या मुलीचा फोन आला, "काकू, लगेच निघा. काका पार्किंगमध्ये बसल्या जागी..." पेठेतून वाघोलीला यायचं म्हणजे भर दुपारीसुद्धा तास-दीड तास. येरवड्याच्या सिग्नलला रिक्षावाल्यानं विचारलं, "मॅडम, घाई आहे का?" मी नाही म्हणाले. मला कळलं होतं. मी पोचले तेव्हा हे जीपच्या पायरीवर टेकून बसलेले, हातात चाकांची हवा बघायचं मीटर. गाडी जागची हललीसुद्धा नव्हती.

त्याला आता सात आठवडे झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण चहा घेता घेता म्हणतो, "आम्हाला वाटायचं, हे एक दिवस त्या जीपमधूनच दरीत जाणार." नाही गेले बाई, तुमची निराशा झाली. दमले मी उत्तरं देऊन. पेठेत जीप लावायला जागा नाही म्हणून ज्यानं आम्हाला वाघोलीला आणून टाकलं, त्या माणसाची बाजू घ्यायची वेळ माझ्यावर यावी!

वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात, यांनी चारही चाकं ओढणारी जुनी जीप घेतली. दर रविवारी चार मित्र, चार गाड्या, मुळशीच्या पलीकडचा चिखल. पण चिखलात जाऊन हे करायचे काय, तर बहुतेक वेळ गाडीतून उतरून चालायचे. ओढ्यात गाडी घालण्याआधी काठी घेऊन स्वतः काठाकाठानं पाणी बघायचं. ओढ जाणवली, तळ समजला नाही, की परत फिरायचं. मित्रांनी नावच ठेवलं होतं, यू-टर्न. संध्याकाळी दारात बूट काढताना मी विचारायची, "काय झालं आज?" हे अगदी पोट भरल्यासारखे सांगायचे, "काही नाही झालं." मी म्हणायची, "काहीच होत नाही तर जाता कशाला?"

मग गोधडीचं प्रकरण झालं. माझ्या आईच्या दोन नऊवारी आत घालून मी शिवलेली गोधडी यांनी न विचारता जीपमध्ये नेऊन ठेवली. रुतलेली गाडी ओढायला जीपच्या तोंडाशी पोलादी तार गुंडाळलेली असते. ती ताणलेली असताना तुटली तर चाबकासारखी उलटते, म्हणून तिच्यावर काहीतरी जड, ओलं टाकायचं, असं यांचं म्हणणं. "मग तुमचं ब्लँकेट टाका की!" "ते हलकं आहे गं. तुझ्या टाक्यांत वजन आहे." कौतुक की काय ते, मला तेव्हा कळलं नाही. दोन दिवस अबोला होता.

एकदाच मी बरोबर गेले. एका मित्राची गाडी चिखलात बसली. आमचा अमेय तारेच्या शेजारी उभा राहून मोबाइलवर शूटिंग करत होता. तीस वर्षांच्या घोड्यावर हे चारचौघांत असे ओरडले, की मलाच लाज वाटली. सगळ्यांना लांब पिटाळलं, गोधडी ओढ्यात बुडवून आणली आणि तारेवर टाकली. मी वैतागून म्हणाले, "अहो, किती नाटकं! ओढा की आता." ओढली. तार तुटली. गोधडीसकट खाली बसली, तरी तारेचं एक टोक सटकन अमेय मघाशी उभा होता तिथल्या झुडपात घुसलं. यांनी गोधडी गोळा केली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "उसवलीय थोडी." घरी येऊन मी ती शिवली. पण माझं चुकलं, हे काही माझ्या तोंडून निघालं नाही. आज म्हणू, उद्या म्हणू... चार वर्षं गेली.

हे गेल्यावर मी गोधडी जीपमधून वर आणली. दुपारी तीच अंगावर घेऊन पडायची. डिझेलचा, ओल्या मातीचा आणि यांचा, असा एकत्र वास होता तिला. गेल्या शनिवारी अमेय म्हणाला, "आई, उद्या जीप नेतोय. उभी राहून बॅटरी उतरेल." नाही म्हणायचं ओठावर आलं होतं. त्यानं खाली जाऊन सामान तपासलं आणि वर येऊन विचारलं, "गोधडी कुठंय?" मी म्हटलं, "दुसरं काही घे ना." तो दारातच उभा राहिला. "बाबा असते तर त्यांनी गाडी सुरूच केली नसती, आई." खरं होतं. मी पलंगावरून गोधडी काढली, घडी घातली आणि दिली.

रविवार कसा काढला ते माझं मला माहीत. पाच वाजता जीपचा आवाज आला. अमेय दारात बूट काढायला वाकला. खांद्यावर गोधडी, चिखलानं लडबडलेली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही झालं."

गोधडी मी बादलीत भिजवली. वास जाणार, हे माहीत होतं. साबण घातला आणि म्हणाले, "अहो, चुकलं माझं."