पांदण जिथे सिमेंट रस्ता ओलांडते

देवगाव फाट्याच्या अलीकडे आमच्या गावची पांदण मोठा रस्ता ओलांडून शेतांकडे जाते. बैलगाड्या, सायकली, शेळ्या, कापूस वेचायला निघालेल्या बाया, सगळ्यांची वाट तीच. रस्ता डांबरी होता तोवर खड्ड्यांमुळे ट्रक आपसूकच हळू यायचे. सिमेंटचा झाला आणि ते सुसाट सुटले. त्यात पांदणीजवळच वळण, आणि वळणावर वेड्या बाभळींचं रान. समोरून काय येतंय ते अंगावर आल्यावरच कळायचं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी शेतात गेले होते आणि मायसोबत परतत होते. दिवस मावळला होता. पुढे शेजारच्या काकांची बैलगाडी, कापसाच्या गाठोड्यांनी लादलेली. ऐन रस्त्यात एक बैल घसरला आणि बसला. काका कासरा ओढत होते, पण सिमेंटवर त्याचे खूर ठरेनात. तेवढ्यात वळणापलीकडून ट्रकचा आवाज आला.

मी वळणाकडे धावले. मोबाइलचा टॉर्च लावून हात हलवत होते. मागून माय ओरडत होती, कडेनं पळ, कडेनं. उजेड एकदम डोळ्यांवर आला. मी बाभळीत अंग टाकलं. ब्रेक करकचले, रबर जळाल्याचा वास आला. काटे अंगात घेऊनच मी वळून पाहिलं, तर ट्रक बैलगाडीच्या चाकाला जवळजवळ टेकून उभा होता.

ड्रायव्हर उडी मारून खाली उतरला. "ताई, तुमचा टॉर्च दिसला म्हणून," एवढंच तो बोलला. मग त्यानंच जुवाला हात घालून बैल उठवायला मदत केली.

घरी माय जेवली नाही. माझ्या दंडातले काटे काढता काढता म्हणाली, "उद्या बाभळी तोडायच्या. कुनाची वाट बगायची न्हाई."

सकाळी आमच्या बौद्धवाड्यातल्या बाया निघाल्या, आणि पलीकडच्या गल्लीतल्याही कुऱ्हाडी घेऊन आल्या. दुपारपर्यंत वळण मोकळं झालं. आम्ही कळवल्यावर रस्त्याच्या खात्याचे इंजिनिअर आले, पाहून गेले. गाड्या हळू व्हाव्यात म्हणून रस्त्यावर उंच पट्टे मारता येतील, पण मंजुरीला वेळ लागेल, असं त्यांनी सरळ सांगितलं.

"लागू द्या," माय म्हणाली. "तवर आमी उभ्या ऱ्हातो."

आणि खरंच राहिल्या. वेचणी संपेपर्यंत रोज सांजेला दोघीजणी दोन्ही बाजूंना बॅटरी घेऊन. काही ट्रकवाले शिव्या देऊन गेले, काही हळू झाले. माझी पाळी असली की प्रत्येक आवाजाला मी बॅटरी उंच धरायचे.

पट्टे उन्हाळ्यात आले. जाड, पांढरे, चाक गेलं की धडधड वाजणारे. सोबत फलक, आणि पांदणीपुरतं सिमेंट खरवडून खरखरीत केलेलं. पहिल्या संध्याकाळी आम्ही नुसत्या कडेला बसून ऐकत होतो. एक ट्रक आला, धडधडला, हळू झाला. मायनं बॅटरी विझवली, पण घरी चल म्हटलं तरी पुढचेही ट्रक हळू होतात का ते ऐकत ती गडद अंधार पडेपर्यंत उठली नाही.