दाराजवळची रांग

आमच्या सौंसरच्या शाळेत प्रत्येक वर्गात दोन रांगा असत. खिडकीजवळ हुशार, दाराजवळ ढ. साहेब तपासणीला आले की दाराजवळच्यांना मैदानात गाजरगवत उपटायला पाठवायचं, ही हेडमास्तरांची जुनी पद्धत. ते साधे गुरुजी होते तेव्हा तिसरीत त्यांनी मलाही पाठवलं होतं. हातांची खाज लवकर गेली. मनाची गेली नाही, आणि जावी असं मला वाटलंही नाही.

पुढे त्याच शाळेत मी मास्तरीण झाले. वर्गही तिसरीचाच मिळाला. हेडमास्तरांनी मला ओळखलं नाही. ढ पोरं कोण लक्षात ठेवतं! त्यांची नात माझ्याच वर्गात, अर्थात खिडकीजवळ. धडा धडाधड वाचायची, पण त्यात काय झालं विचारलं की तोंडाला कुलूप.

दाराजवळ एक मुलगी ओळीवर बोट ठेवून वाचायची. एका उताऱ्यात व्यापारी संत्र्याचा बगीचा पाहायला येतो, खाटेवर बसतो आणि चहा न घेताच परत जातो. मी विचारलं, "त्याला चहा का नाही मिळाला?"

"मॅडम, धड्यात दिलंच नाही," नात म्हणाली.

बोटवाली हळूच म्हणाली, "सौदा पटला नसन. आमच्या घरी बी सौदा पटल्याबिगर माय चहा ठेवत नाही."

मी कौतुकानं हे हेडमास्तरांना सांगितलं. ते हसले. "घरच्या गोष्टी सांगून राहिली ते पोरगी. याले वाचन म्हणते का? तपासणीच्या दिवशी तिले बाहेरच ठेवा."

ठेवते म्हटलं. मनात म्हटलं, थांबा तुम्ही.

साहेब आले त्या सकाळी मी खिडकीजवळची रांग मैदानात पाठवली.

हेडमास्तर साहेबांना घेऊन वर्गात शिरले आणि रिकामे बाक पाहून दारातच थबकले. साहेबांनी बोटवालीला नवा उतारा दिला. ती अडखळत वाचत गेली. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग विचारलं, "काय समजलं?" तिनं अख्खी गोष्ट आपल्या बोलीत सांगितली आणि वर म्हणाली, "तो माणूस खोटं बोलून राहिला, साहेब." साहेबांनी पुस्तक परत घेतलं आणि स्वतःच तो उतारा पुन्हा वाचायला लागले.

हेडमास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर त्यांची नात उकिडवी बसून गाजरगवत उपटत होती. खिडकी मी मुद्दाम सताड उघडी ठेवली होती. इतका गोड दिवस मी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

साहेब गेल्यावर ते लाल होऊन आले. "माह्या नातीले गवत उपटाले लावलं तुम्ही? कोणी शिकवलं हे तुम्हाले?"

"सर, मी याच शाळेतली. तिसरीतली, दाराजवळची."

वाक्य सोपं होतं. तरी त्यांना अर्थ लागायला वेळ लागला. मी थांबले. हळू समजणाऱ्यांसाठी थांबायची मला सवय आहे.