नाटकातलं जास्तीचं पान

सरोजबाई वर्गावर निघाल्या की इंग्रजी नाटकाच्या जाड पुस्तकात एक सुटं पान सरकवायच्या. नाटककार जगातला सगळ्यात थोर म्हणतात तो. पान त्याच्याच काळातल्या, पण अभ्यासक्रमात नसलेल्या एखाद्या लेखिकेचं. "नाटकात बाई बोलते ते पुरुषानं लिहिलेलं. खरी बाई काय म्हणत होती, तेही ऐकू द्या की पोरांना," असं म्हणायच्या. वैजापूर-करमाडची पोरं इंग्रजीला बिचकायची, म्हणून प्रत्येक पानाखाली मराठीत मतलब.

ती पानं सायक्लोस्टाइलवर मी काढायची. माझी शाळा सातवीत सुटलेली. नवऱ्याला चिकलठाण्याच्या कारखान्यात काम लागलं म्हणून चंद्रपूरकडून आलो आणि वर्षात कारखान्यात संप झाला. चूल माझ्या कॉलेजातल्या रोजंदारीवर होती. कोंदट खोलीत हँडल फिरवत मी मतलब वाचायची. अडलं तर बाई समजावायच्या. त्या लेखिकांतल्या एकीला नवऱ्यापासून चोरून लिहावं लागायचं, हे वाचून माझा हात थांबला होता.

विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा शहर पेटलेलं. कॉलेजातून निघालेला कुठलाही कागद म्हणजे पत्रकच वाटायचं. बायकांनी गप्प बसू नये, अशा मजकुराचं एक पान प्राचार्यांच्या हाती लागलं. त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं.

"ही बाई नामांतराच्या बाजूची की विरोधातली?"

"सर, ती तीनशे वर्षांपूर्वी वारली. मोर्चाला यायची नाही," बाई म्हणाल्या.

प्राचार्य हसले नाहीत. माझ्याकडे वळले. "काढताना वाचलं नाहीस?"

"मला वाचता येत नाही, साहेब."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तिला काय विचारता? पान माझं आहे."

पुढं कितीक वर्षं माझं घर बाईंच्या त्या एका वाक्यावर उभं होतं. बाईंचा नाटकाचा तास मात्र काढून घेतला, व्याकरण दिलं. आणि मी ऑफिसात अडाणी झाले. नोटीस लागली की दुसऱ्याला विचारायची, "काय लिहिलंय हो?"

एकदा व्हरांड्यात बाई म्हणाल्या, "भ्यालीस, त्याचं काही नाही गं तुळसा. इथं सगळेच भ्यालेत. पण खोटं लांबवू नको, त्यातच कोंडून राहशील."

मी लांबवलं. बाई निवृत्त होऊन पडेगावला गेल्या. लाजेनं मी कधी भेटायला गेले नाही.

एका सकाळी हेडक्लार्कच्या टेबलावरच्या पेपरात, कोपऱ्यात, बाईंचा फोटो दिसला. मी पेपर उचलला आणि त्यांचं नाव, वय, अंत्यविधीची वेळ, सगळं मोठ्यानं वाचलं.

हेडक्लार्क म्हणाले, "तुळसाबाई, तुम्हाला वाचता येतं?"

"येतं साहेब. पहिल्यापासून येतं."